एनएचएलमध्ये फटक्याचे कसब आकड्यांत कसे पकडावे?

बर्फरेषा यांचा प्रश्न:

एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमधील आक्रमक खेळाडूंपैकी पक, म्हणजे खेळातील रबरी चकती, जाळीत घालण्याचे कसब खरोखर कोणाकडे अधिक आहे, हे आकड्यांवरून सांगता यावे अशी माझी फार इच्छा आहे. त्यासाठी मनीपक या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असलेली २००७-०८ पासूनची फटकानिहाय माहिती मी वापरतो आहे. फटक्यांची टक्केवारी, म्हणजे गोल भागिले गोलावर आलेले फटके, हे मोजमाप अपुरे आहे हे उघड आहे. रे बोर्कने कारकिर्दीत ६,२०९ फटक्यांवर ४१० गोल केले, म्हणजे जेमतेम ६.६ टक्के, पण तो बचावपटू होता आणि त्याचे बरेचसे फटके आक्रमण क्षेत्राची सीमा असलेल्या निळ्या रेषेच्या आसपासून निघत, जी गोलरेषेपासून ६४ फुटांवर असते. क्रेग सिम्प्सनची कारकिर्दीतील टक्केवारी २३.७ आहे आणि पुरेसे फटके मारलेल्या खेळाडूंमध्ये तो उच्चांक आहे, पण त्याचे गोल मुख्यतः गोलरक्षकाच्या पुढ्यातून होत. या दोन आकड्यांमधील फरकात हाताचे कसब किती आणि जागेचा वाटा किती, हे टक्केवारी सांगू शकत नाही.

म्हणून मी अपेक्षित गोलांकडे वळलो. अंतर, कोन, फटक्याचा प्रकार, रिबाउंड (गोलरक्षकाकडून परत आलेल्या पकवरचा फटका) आहे की नाही, बर्फावर दोन्ही बाजूंचे किती खेळाडू आहेत, यांवरून मॉडेल प्रत्येक फटक्याला गोल होण्याची संभाव्यता देते. त्या संभाव्यतांची बेरीज प्रत्यक्ष गोलांतून वजा केली, की उरते ते त्या खेळाडूचे कसब, अशी माझी मांडणी आहे.

अडचण अशी, की ही यादी दर हंगामात उलटीपालटी होते. विल्यम कार्लसनने वेगास संघाच्या पहिल्याच हंगामात, २०१७-१८ मध्ये, १८४ फटक्यांवर ४३ गोल केले; त्याआधीच्या हंगामात कोलंबसकडून त्याचे ६ गोल होते आणि नंतरच्या हंगामात २४ झाले. ऑस्टन मॅथ्यूजने २०२१-२२ मध्ये ३४८ फटक्यांवर ६० गोल केले, पुढच्या हंगामात ३२७ फटक्यांवर ४०, आणि त्याच्या पुढच्या हंगामात ३६९ फटक्यांवर ६९. तिन्ही वर्षे तोच खेळाडू, तोच संघ, तेच मनगट. मग मी जे मोजतो आहे ते कसब आहे की निव्वळ योगायोग? कसब असेल, तर ते दिसून येण्यासाठी किती फटके लागतात? आणि अपेक्षित गोल ही त्यासाठी योग्य आधाररेषा आहे का?

संभाव्य यांचा प्रतिसाद:

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

प्रत्येक फटका हा गोल किंवा गोल नाही असा दोनच निकाल देणारा प्रयोग आहे. समजा एखाद्या आक्रमकाची खरी क्षमता ११ टक्के आहे आणि तो हंगामात २०० फटके मारतो. क्षमता तसूभरही न बदलता, केवळ योगायोगाने त्याच्या हंगामी टक्केवारीत जे चढउतार होतील त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनच्या फैलावाचे माप, ०.११ गुणिले ०.८९ भागिले २०० याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.२ टक्के गुण इतके येते. याचा अर्थ तोच माणूस एका वर्षी ९ टक्क्यांचा आणि दुसऱ्या वर्षी १३ टक्क्यांचा दिसणे हे अगदी सर्वसाधारण आहे. गोलांच्या भाषेत ते १८ आणि २६ होतात, आणि एवढ्या फरकावर पुढच्या कराराची रक्कम बदलते. मॅथ्यूजच्या तिन्ही हंगामांची बेरीज १,०४४ फटक्यांवर १६९ गोल, म्हणजे १६.२ टक्के होते. त्याची खरी क्षमता तीन वर्षे १६ टक्क्यांच्या आसपासच होती असे मानले, तर ४० गोलांचा मधला हंगाम अपेक्षेच्या खाली जवळजवळ दोन प्रमाण विचलनांवर पडतो. हे नेहमी घडत नाही, पण लीगमध्ये शेकडो आक्रमक असताना दरवर्षी काही जणांच्या बाबतीत ते घडणारच, आणि आपले लक्ष नेमके त्यांच्याकडेच जाते.

आता कसब खरे आहे का, हे तपासण्याची पद्धत. दोन लागोपाठच्या हंगामांचा सहसंबंध काढू नये, कारण मधल्या काळात साथीदार, वय, प्रशिक्षक आणि दुखापती असे सगळेच बदलते. त्याऐवजी प्रत्येक खेळाडूचे फटके क्रमाने घेऊन सम आणि विषम अशा दोन गटांत विभागावेत आणि त्या दोन गटांतील टक्केवारींचा सहसंबंध पाहावा. काहीच कसब नसते तर तो शून्याच्या जवळ आला असता. दुसरा मार्ग प्रसरणाचा, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाचा, आहे. समजा प्रत्येकी २०० फटक्यांच्या आक्रमकांमध्ये टक्केवारीचे दिसणारे प्रमाण विचलन ३.३ गुण आले. योगायोगाचे २.२ आपण वर काढलेच आहे. वर्गांची वजाबाकी करून मूळ काढले की सुमारे २.४५ उरतात, आणि ती खेळाडूंच्या खऱ्या क्षमतेतील तफावत. म्हणजे कसब आहे, पण एका हंगामात ते जवळपास तेवढ्याच मोठ्या गोंगाटाखाली दबलेले असते.

या तफावतीवरूनच किती फटके लागतात तेही कळते. वरचे आकडे गृहीत धरले, तर खेळाडूच्या नोंदीत सरासरी टक्केवारीचे सुमारे १६० काल्पनिक फटके मिसळून मगच भागाकार करावा, असे गणित सांगते. कार्लसनच्या ४३ गोलांत १६० फटक्यांचे ११ टक्क्यांप्रमाणे १७.६ गोल मिळवा आणि ३४४ फटक्यांनी भागा: २३.४ ऐवजी १७.६ टक्के येतात. पुढच्या हंगामात त्याने प्रत्यक्षात सुमारे १४ टक्के नोंदवले. कोलंबसमधील त्याचे आधीचे कोरडे हंगाम हिशेबात घेतले असते, तर अंदाज आणखी खाली, त्याच दिशेने सरकला असता. पॅट्रिक लायनेचे पहिले दोन हंगाम घेतले, २०४ फटक्यांवर ३६ आणि २४१ वर ४४, तर नुसती टक्केवारी १८ येते आणि हा हिशेब १६.१ देतो, तिसऱ्या हंगामात २४५ फटक्यांवर ३० गोल, म्हणजे १२.२ टक्के झाले. अंदाज तिथेही वरच राहिला, पण नुसत्या टक्केवारीपेक्षा कमी चुकला.

१६० हा आकडा मात्र उदाहरणापुरता समजावा. आपल्या माहितीतून तो काढावा, आणि आक्रमक व बचावपटूंसाठी वेगवेगळा काढावा, कारण दोघांची सरासरीही वेगळी आणि तफावतही वेगळी.

तिरपाकोन यांचा प्रतिसाद:

संभाव्य यांचे गणित मला मान्य आहे, पण मूळ शंका आधाररेषेविषयी आहे आणि तिथे जास्त खोलात जायला हवे. गोल वजा अपेक्षित गोल यातून जे उरते त्यात कसब असतेच, पण मॉडेलला जे दिसले नाही ते सगळेही असते.

खुल्या माहितीत काय नोंदलेले असते ते आधी पाहू. फटका कोणत्या निर्देशांकावरून निघाला, मनगटी होता की स्टिक मागे नेऊन हाणलेला स्लॅप शॉट, त्याआधीची नोंदलेली घटना कोणती आणि किती सेकंदांपूर्वीची, मुख्यतः एवढेच. पास नोंदला जात नाही. गोल झाला तर सहाय्य करणाऱ्याचे नाव मिळते, पण तोच फटका गोलरक्षकाने अडवला तर त्याआधी पास कोणी आणि कुठून दिला याचा मागमूस राहत नाही. त्यामुळे सहाय्याची नोंद मॉडेलमध्ये वापरताही येत नाही, कारण ती निकाल लागल्यानंतरच जन्माला येते. माजी गोलरक्षक स्टीव्ह व्हॅलिकेट यांनी दोन्ही जाळ्यांना जोडणाऱ्या मध्यरेषेला ‘रॉयल रोड’ असे नाव दिले आणि ती रेषा ओलांडून आलेल्या पासवरचे फटके कितीतरी अधिक धोकादायक असतात, हे लोकांच्या लक्षात आणून दिले. कारण सरळ आहे. गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकावे लागते, आणि सरकत असताना त्याचे पाय व हात बंद झालेले नसतात. १५ फुटांवरून मारलेले दोन मनगटी फटके मॉडेलच्या दृष्टीने एकसारखेच. प्रत्यक्षात एकासमोर गोलरक्षक कोन साधून स्थिर उभा असतो आणि दुसऱ्यासमोर अर्धी जाळी उघडी असते. ज्या खेळाडूचा साथीदार असे पास सातत्याने देतो, त्याच्या खात्यावर ‘कसब’ म्हणून जे जमा होते त्यातला मोठा हिस्सा पास देणाऱ्याचा असतो. गोलरक्षक कुठे उभा होता आणि त्याला पक दिसत होता की मध्ये कोणी होते, याचीही तीच गत.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेने काम करते आणि तिची चर्चा कमी होते. मॉडेल सगळ्या खेळाडूंच्या फटक्यांवरून शिकते, पण प्रत्येक जागेवरून सारखेच खेळाडू फटके मारत नाहीत. पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, डाव्या वर्तुळातून घेतलेला वन-टायमर, म्हणजे आलेला पास न थांबवता मारलेला फटका, ही अॅलेक्स ओव्हेच्किनची जागा. ६ एप्रिल २०२५ रोजी आयलँडर्सविरुद्ध त्याचा ८९५ वा, वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ चा विक्रम मोडणारा गोल पॉवर प्लेमध्ये, डाव्या वर्तुळातूनच, टॉम विल्सनच्या पासवर आला. त्या जागेवर प्रत्येक संघ आपला सर्वांत धारदार माणूस उभा करतो. म्हणजे त्या जागेची ‘सरासरी’ ही मुळातच तज्ज्ञांची सरासरी आहे, आणि ओव्हेच्किनसारख्याची तुलना आपण नकळत त्याच्यासारख्यांशीच करत असतो. तिथे अपेक्षित गोल कसब कमी दाखवतात. उपाय असा, की आधाररेषेचे मॉडेल शिकवतानाच त्यात खेळाडूची ओळख घालावी, म्हणजे जागेचा आणि माणसाचा वाटा एकाच वेळी वेगळा होतो.

नोंदींतले दोषही आहेत. न्यू यॉर्क रेंजर्सचे घरचे मैदान असलेल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील जुन्या नोंदींत फटके प्रत्यक्षापेक्षा जाळीच्या जवळचे दाखवले जात, हे त्या माहितीवर काम करणाऱ्यांना परिचयाचे आहे. अंतर कमी नोंदले की अपेक्षित गोल फुगतात आणि घरच्या मैदानावर खेळणारा रेंजर्सचा खेळाडू उगाच कमी कसबी ठरतो. रिकाम्या जाळीवरचे फटके तर हिशेबातून सरळ काढून टाकावेत.

जुनाप्रेक्षक यांचा प्रतिसाद:

गणिताविषयी माझी तक्रार नाही, पण सगळ्यांना सरासरीकडे ओढण्याच्या या पद्धतीत एक गोष्ट निसटते असे मला मनापासून वाटते. मॅथ्यूज फटका मारतो तेव्हा नीट पाहावे. पक स्टिकच्या टोकाशी, शरीरापासून लांब असतो, आणि सोडण्याच्या क्षणी तो त्याला झटक्यात पायांकडे ओढून घेतो. गोलरक्षकाने ज्या रेषेवर आपले अंग बसवले होते, त्या रेषेवर आता पक नसतो, आणि पुन्हा जुळवून घ्यायला वेळही नसतो. बचावपटूच्या स्टिकलाही तो चुकवतो. हे दरवेळी घडताना दिसते. त्यासाठी हजार फटक्यांची वाट पाहायची का? डोळ्यांना दिसलेल्या तंत्रालाही पुराव्याचे स्थान असावे.

शिवाय फटका घेता येणे हेही कसबच आहे. गोलावर सर्वाधिक फटके मारण्याचा विक्रम ओव्हेच्किनच्या नावावर आहे, आणि त्याची कारकिर्दीची टक्केवारी १३ च्या आसपास, म्हणजे ग्रेट्झ्कीच्या १७.६ पेक्षा बरीच कमी आहे. पण ग्रेट्झ्कीचा बहराचा काळ १९८० च्या दशकातला, जेव्हा गोलरक्षक शंभरातील साडेसत्त्याऐंशीच्या आसपास फटके अडवत. ओव्हेच्किनच्या काळात ते प्रमाण ९० ते ९१ राहिले आहे. अशा वेळी कमी टक्केवारी म्हणजे कमी कसब, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

संभाव्य यांचा प्रतिसाद:

जुनाप्रेक्षक यांचा पहिला मुद्दा मला मोलाचा वाटतो आणि तो या पद्धतीत बसवताही येतो. काल्पनिक फटके लीगच्या सरासरीचेच असले पाहिजेत, असा नियम नाही. ज्या खेळाडूबद्दल आपल्याला आधीच काही ठाऊक आहे, त्याच्यासाठी आरंभबिंदू वेगळा ठेवता येतो. फक्त तो आरंभबिंदू गोल पाहण्याआधी ठरलेला हवा. मॅथ्यूजचे तंत्र त्याने ६९ गोल केले त्या वर्षी सर्वांना दिसते आणि ४० केले त्या वर्षी कमी जणांना दिसते. म्हणून निरीक्षकाने निकाल न पाहता, फटका स्टिकवरून सुटेपर्यंतचाच भाग पाहून गुण द्यावेत, आणि ते गुण पुढच्या हंगामाच्या गोलांचा अंदाज सुधारतात का ते तपासावे. तसेही १,०४४ फटक्यांवर त्याला फार ओढले जात नाही: १६० काल्पनिक फटके मिसळूनही १५.५ टक्के उरतात.

काळाचा मुद्दाही रास्त आहे. वेगवेगळ्या दशकांतील खेळाडूंची टक्केवारी त्या त्या हंगामाच्या लीग सरासरीशी गुणोत्तर काढूनच जोखावी. फटके घेण्याची क्षमता मात्र मी वेगळ्या रकान्यात ठेवीन. झॅक हायमनने २०२३-२४ मध्ये ५४ गोल केले. त्यांतले बहुतेक जाळीच्या अगदी जवळून आले, आणि अपेक्षित गोलांच्या यादीतही तो त्या हंगामात अग्रभागी होता. त्याचे मोठेपण मोक्याच्या जागी पोहोचण्यात, तिथे धक्के खात टिकून राहण्यात आणि साथीदार कॉनर मॅकडेव्हिडच्या खेळाशी जुळवून घेण्यात आहे. हे एका आकड्यात मिसळले, की दोन्ही कसबे धूसर होतात.

बर्फरेषा:

सर्वांचे मनापासून आभार. सम-विषम विभागणी मी नक्कीच करून पाहणार आहे. आणखी एक शंका: गोलावर आलेल्या फटक्यांतच हिशेब संपवावा, की हुकलेले फटकेही घ्यावेत? कोपऱ्याचा नेम धरणारा खेळाडू अधिक वेळा हुकतो, आणि टक्केवारीत त्याची ही किंमत कुठेच दिसत नाही.

तिरपाकोन यांचा प्रतिसाद:

हुकलेले फटके घ्यायलाच हवेत. खांबाला लागून परत आलेला पक नियमानुसार गोलावरचा फटका धरला जात नाही, जाळीवरून गेलेलाही नाही. म्हणून दहांतील चार फटके बाहेर मारून उरलेल्या सहांपैकी एक गोल करणारा खेळाडू टक्केवारीत १६.७ चा दिसतो, आणि दहाही गोलावर ठेवून एक गोल करणारा १० चा. वास्तविक दोघांनी संघाला दिले ते एकच. हिशेबाचा छेद प्रतिस्पर्धी खेळाडूने वाटेत न अडवलेले (गोलरक्षकाने थोपवलेले आणि हुकलेले धरून) सगळे फटके, म्हणजे फेन्विक मोजमापातील फटके, असा ठेवावा. मग कसबाचे दोन तुकडे पाडता येतात: न अडवलेल्या फटक्यांपैकी किती गोलावर राहिले, आणि गोलावर राहिलेल्यांपैकी किती आत गेले. हे दोन गुण काही खेळाडूंत एकमेकांच्या विरुद्ध चालतात, आणि ते का चालतात हे पाहण्यात खरी गंमत आहे. चार फूट उंच आणि सहा फूट रुंद जाळीत वरचा कोपरा गाठायचा तर आडव्या खांबाच्या अगदी खालून पक न्यावा लागतो, आणि तिथे एका मुठीएवढी चूकही पक जाळीवरून पाठवते. खालून मारलेला फटका क्वचितच हुकतो, पण तो गोलरक्षकाच्या पॅडवर जातो.

प्रतिस्पर्ध्याने वाटेत अडवलेले फटके मात्र मी वगळतो. एकतर त्यांच्या नोंदीत फटका जिथून निघाला ती जागा नसते, जिथे अडवला गेला ती असते. शिवाय तो फटका घ्यायला हवा होता का, हा निर्णयक्षमतेचा प्रश्न आहे. त्याचप्रमाणे जाळीसमोर उभे राहून दुसऱ्याच्या फटक्याची दिशा बदलणे हे वेगळेच कसब आहे. तेही माहितीत फटका म्हणूनच नोंदले जाते, पण मॅथ्यूजच्या मनगटी फटक्याशी त्याचा काहीएक संबंध नाही, म्हणून ते वेगळे काढावे.

२०२१ पासून लीगच्या सर्व मैदानांत पक आणि खेळाडूंचा मागोवा घेणारी यंत्रणा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ पासून एनएचएल एज या संकेतस्थळावर फटक्यांचा वेग पाहता येतो. वेग पाहताना जपून राहावे. ताशी १०० मैलांचा स्लॅप शॉट मारण्यासाठी स्टिक मागे न्यावी लागते आणि तेवढ्यात गोलरक्षक स्थिरावतो. झटक्यात सुटलेला ताशी ७५ मैलांचा मनगटी फटका त्याला अधिक अडचणीत आणू शकतो. पक हाती आल्यापासून तो सुटेपर्यंतचा वेळ मिळाला तर तो वेगापेक्षा अधिक उपयोगाचा ठरेल, पण मागोव्याची कच्ची माहिती सर्वांसाठी खुली नाही.

संभाव्य यांचा प्रतिसाद:

आता मांडणीचे सांगतो. फटकानिहाय लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे गोल होण्याची संभाव्यता काढणारे मॉडेल, बसवावे. त्यात जागा, कोन, प्रकार आणि खेळाडूंची संख्या हे स्थिर घटक असावेत, आणि फटका मारणारा, समोरचा गोलरक्षक व मैदान हे तीन यादृच्छिक घटक. सरासरीकडे ओढण्याचे काम मॉडेल आपोआप करते, आणि ज्याचे फटके कमी त्याला जास्त ओढते. हंगाम हाही घटक ठेवावा, म्हणजे काळाचा प्रश्न सुटतो. निकाल सांगताना प्रत्येक खेळाडूच्या अंदाजासोबत त्याच्या अनिश्चिततेची मर्यादा जरूर द्यावी. अगदी वरचे मोजके आणि अगदी खालचे मोजके सोडले, तर मधल्या खेळाडूंच्या मर्यादा एकमेकांवर इतक्या चढलेल्या दिसतील, की त्यांना क्रमांक देण्यात अर्थ राहणार नाही. यादीऐवजी गट करावेत असे मी सुचवेन.